तीन नंबरचे आटे

ता. ४ मार्च

मामा, नमस्कार.

गुडघ्याचे टाके निघाले असं ताईने आईला फोनवर सांगितलं. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि मी सांगितलेलं इंजिनातलं ताई तुम्हाला सांगते तेव्हा त्याचं भलतंच काहीतरी होतं. म्हणून पत्र लिहितो.

काल सुईणबाईंची गाडी बंद पडली. वरच्या वस्तीवरून परतताना चढावर फाडकन आवाज झाला, इंजिन फटफट करायला लागलं आणि थांबलं. बॉनेट उघडून पाहिलं तर तीन नंबरचा प्लग भोकातून बाहेर येऊन आपल्या वायरीला लोंबकळत होता. दूधवाल्याने गाडी ओढून आणली. बाई पिशवी खांद्याला लावून मागून चालत आल्या आणि म्हणाल्या, "घे रे तपासनीस, तुझ्या इंजिनाने दात थुंकला." (मी सगळं दोनदा बघतो म्हणून त्या मला तपासनीस म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे.)

आरसा आणि बॅटरी घेऊन मी भोक पाहिलं. आत आटे राहिलेलेच नाहीत. वाटीच्या कडेसारखं गुळगुळीत झालं आहे. प्लगवर मात्र बारीक पोलादी तारेचं एक वेटोळं गुंडाळलेलं निघालं, पेनातल्या स्प्रिंगसारखं. प्लग बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं, मग ही तार कुठून आली ते मला कळलं नाही. ती काडेपेटीत जपून ठेवली आहे. हे काय आहे ते कळवावं.

बाई सध्या सकाळच्या दूधगाडीने वर जातात. संध्याकाळी कुणी बोलावलं तर जायला वाहन नाही आणि या महिन्यात वर तिघी जणी दिवस भरलेल्या आहेत. त्यांनी मला आठ दिवस दिले आहेत. नाहीतर गाडी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला जाईल. जाताना म्हणाल्या, "तुझ्या मामाकडे अठरा वर्षं गाडी आणली, कधी दात पडला नाही."

तुम्ही निघताना म्हणाला होतात की महिनाअखेरपर्यंत गॅरेज एकट्याने नीट चालवून दाखव, नाहीतर जागा शेजारच्या टायरवाल्याला देऊन टाकतो. ते माझ्या लक्षात आहे. सुईणबाई गेल्या तर त्यांच्यामागे किती जण जातील तेही मला माहीत आहे.

लेथवाल्या काकांकडे मोठे आटे पाडायचा टॅप आणि भोकात बसवायचे पोलादी बुश आहेत. गाडीवरच काम करावं की हेड उतरवावं? तीन नंबर तुम्ही नेहमी स्वतः बसवायचात, म्हणून तुम्हालाच विचारतो.

बाकी इथे सगळं व्यवस्थित. आवारातल्या इतर गाड्यांचे प्लग मी पुन्हा तपासून घेतले आहेत.

तुमचा भाचा


ता. ८ मार्च

भाच्यास आशीर्वाद.

एवढं लांबलचक पत्र. वाचताना गुडघ्याचं दुखणं विसरलो.

हेड उतरवायचं नाही. गाडीवरच कर. उतरवलंस तर हेडखालचं गॅस्केट बदलावं लागेल, ते मागवण्यात आठवडा जाईल आणि बाई तोंडाचा पट्टा सोडेल. ऐक. पिस्टन खाली घे, म्हणजे टॅप त्याच्यावर आपटणार नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भर, धातूचा कीस त्याला चिकटून येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दोन फेरे झाले की टॅप बाहेर काढ, पूस, पुन्हा ग्रीस लाव. घाई करू नकोस. शेवटी काडीला ग्रीस लावून आतला राहिलेला कीस उचल, मग प्लग न लावता इंजिन फिरव, उरलंसुरलं बाहेर उडेल. नंतर बुश. तासाभराचं काम आहे.

मला वाटतं प्लग ढिला राहिला होता. ढिला प्लग थरथरतो आणि आटे खातो. शेवटचा कधी आवळलास? तुझ्या वहीत असेलच. तू शिंकलास तरी वहीत लिहितोस.

टायरवाल्याचं माझ्यावर सोड. तू हातातलं काम बघ.

इथे ताईकडे, जावईबापूंच्या घरात, एकही पाना नाही. काल न्हाणीघरातला नळ मी चमच्याने दुरुस्त केला.

मामा


ता. १२ मार्च

मामा, नमस्कार.

मी हेड उतरवलं आहे. आधी हे लिहितो, म्हणजे उरलेलं पत्र तुम्ही रागातच वाचाल आणि शेवटी राग उरणार नाही.

तुम्ही सांगितलं तसंच करणार होतो. टॅपला ग्रीससुद्धा लावलं होतं. पण टॅप लावण्याआधी लेथवाल्या काकांकडून चार सळ्या कातून आणल्या आणि चारही भोकांत एकेक उभी केली. एक, दोन आणि चार नंबरच्या सळ्या रांगेत उभ्या राहिल्या. तीन नंबरची सळी दोन नंबरकडे झुकली. फार नाही, पण डोळ्यांना दिसते. वाकड्या भोकात टॅप घातला तर तो वाकडाच उतरणार, आणि बुशासाठी भोक मोठं केल्यावर त्या बाजूची भिंत किती पातळ राहील ते वरून समजत नाही. हे काम हेड मशीनवर सरळ धरूनच होईल. तुम्ही इथे असता आणि ती सळी पाहिली असती, तर तुम्हीही हेच म्हणाला असतात अशी माझी खात्री आहे.

गॅस्केट मागवलं आहे. हेडचे बोल्ट एका पुठ्ठ्यावर त्यांच्या त्यांच्या जागी खोचून ठेवले आहेत.

आता दुसरी गोष्ट. प्लग ढिला नव्हता. उलट झालं होतं. वही काढून पाहिली. सुईणबाईंची गाडी वर्षभरात चौदा वेळा आली. कधी ऑइल, कधी हॉर्न, एकदा नुसती आरसा बसवायला. चौदाही वेळा मी चारही प्लगांना पाना लावून पाहिला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही गॅरेजात असलात तर तुमची पाठ फिरल्यावर. लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन नंबर दर वेळी थोडासा आणखी फिरायचा. मला वाटायचं, बरं झालं पाहिलं, ढिला होता. तो फिरत होता कारण आतले आटे जागा सोडत होते. एक, दोन आणि चार कधी हललेसुद्धा नाहीत. हे वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, चौदा वेळा. वाचताना मला कधीच दिसलं नाही.

पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. महिनाअखेर डोळ्यांपुढे होती.

उद्या सुईणबाईंना सांगणार आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, या प्लगांना शेवटचा हात कुणी लावला. मी "बघतो" म्हणालो होतो.

तारेच्या वेटोळ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मी नीट वर्णन केलं नसेल. आतून बाहेरून आट्यांसारखी घडवलेली तार आहे, टोक तुटलेलं आहे.

भाचा


ता. १६ मार्च

भाच्यास,

हेड उतरवलंस ते उतरवलंस. आता पृष्ठभाग घासून बघ, पट्टी लावून सपाट आहे का ते बघ.

जास्त आवळणं हा काही गुन्हा नाही. या धंद्यात कुणाच्या हातून झालं नाही? सुईणबाईला आत्ता काही सांगत बसू नकोस. मी आल्यावर बोलेन तिच्याशी, माझं ऐकते ती. ती तार फेकून दे, तिचा आता काही उपयोग नाही.

मामा


ता. १९ मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. सुईणबाईंना मी त्याच्या आधीच, तेरा तारखेला सांगून टाकलं होतं.

त्या बाकावर बसून बूट झटकत होत्या. मी वही उघडून समोर धरली. त्यांनी चौदाच्या चौदा नोंदी वाचल्या, बोट ठेवून. मग म्हणाल्या, "म्हणजे मी हॉर्नसाठी यायचे आणि तू माझ्या इंजिनाचा गळा आवळायचास."

"हो," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"बाळ झालं की नाही हे मी दर पाच मिनिटांनी बघत बसले असते तर आत्तापर्यंत मला वस्तीवरून हाकलून दिलं असतं." दुसरा बूट झटकून म्हणाल्या, "बरं. गॅस्केट येईपर्यंत थांबते. आणखी पंधरा दिवस. कबूल करणाऱ्याला पंधरा दिवस जास्त मिळतात माझ्याकडे."

मामा, तार मी फेकलेली नाही.

हेड घेऊन लेथवाल्या काकांकडे गेलो तेव्हा काडेपेटीही नेली होती. त्यांनी वेटोळं नखावर ठेवून पाहिलं आणि सांगितलं की आटे गेलेल्या भोकात हे बसवतात. भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात ही तार फिरवून घालायची, आणि प्लग त्या तारेत बसतो. म्हणजे तीन नंबर याआधी एकदा गेला होता आणि कुणीतरी गाडीवरच, घाईत, वाकडा दुरुस्त केला होता. काकांनी विचारलं, "ही गाडी तुमच्याशिवाय कुणाकडे जायची?" मी म्हणालो, बघून सांगतो. बघण्यासारखं काही नाही. अठरा वर्षं ती आपल्याकडेच येते.

घरी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "लहानपणी माझ्या बाहुलीचा हात तुझ्या मामाने मोडला आणि आतून काडी घालून बसवून ठेवला, गुपचूप. मला सहा महिने कळलं नाही. कळलं तेव्हा मी खेळत होते आणि हात माझ्या मुठीत आला." मग पुढची घडी घातली. मला कुणाचं नाव तिने विचारलं नाही.

मीही तुम्हाला काही विचारत नाही. फक्त कसं करणार आहे ते सांगतो. माझी चूक माझ्या नावावर सांगून झाली. दुसऱ्याची चूक मी सांगणार नाही, ती ज्याची त्याने सांगायची. पण ती माझ्या नावावर घेणारही नाही, आणि तारेबद्दल कुणी विचारलं तर तार नव्हती असं म्हणणार नाही. सुईणबाईंनी काडेपेटी पाहिली आहे. त्यांनी हलवून आवाजही ऐकला. अजून विचारलेलं नाही.

महिनाअखेरीस तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे.

हेड सपाट आहे. सहा ठिकाणी पट्टी लावून पाहिलं. एकदाच.

भाचा


ता. २३ मार्च

भाच्यास आशीर्वाद.

दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो. हिंडलो म्हणजे पलंग ते खिडकी.

तार मीच बसवली. अकरा वर्षं झाली. तू तेव्हा शाळेत होतास. बाई प्लग साफ करायला आली होती. इंजिन तापलेलं होतं, थंड होऊ द्यायला हवं होतं. तिला वरच्या वस्तीवर कुणाकडे तरी पोचायचं होतं, ती बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी आत डोकावत होती. मी गरम हेडमधून प्लग ओढून काढला आणि आटे त्याच्याबरोबर आले. तिला सांगितलं, वायर जळली आहे, तासभर लागेल. त्या तासात गाडीवरच भोक मोठं केलं आणि तार घातली. उभं राहून, हात अवघडलेला, बघायला जागा नाही. वाकडं झालं ते मला तेव्हाच कळलं होतं.

गाडी चालली. ती वेळेवर पोचली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, मुलगी झाली, तुझ्यामुळे. त्यानंतर सांगायचं कसं ते मला सुचेना. मग एक वर्ष गेलं आणि सांगणं आणखी अवघड झालं. तेव्हापासून तीन नंबरला माझ्यादेखत मी कुणाला हात लावू दिला नाही. तुला वाटायचं मामा त्या प्लगाचा मान राखतो. मला त्याची भीती वाटायची.

तू कामाला लागलास तेव्हाच तुला दोन शब्द सांगितले असते, तीन नंबरला हात हलका ठेव, तर तुझा पाना चौदा वेळा फिरला नसता. ते दोन शब्द मला जड झाले. मग पत्रात हेड उतरवू नकोस लिहिलं, कारण उतरवलंस तर तुला दिसणार होतं. तार फेक लिहिलं. आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराला मी पुरावा फेकायला सांगितलं. हे सगळ्यांत वाईट.

सोबत दुसरा कागद आहे, घडी घातलेला. तो सुईणबाईसाठी. तू वाचलास तरी चालेल, त्यात हेच आहे, जरा जास्त शिव्या स्वतःला.

टायरवाल्याचं म्हणशील तर त्याचं पत्र गेल्या महिन्यापासून माझ्याकडे पडून होतं. तुझं एकोणीस तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी त्याला नकार लिहिला. जागा तुझी. वरच्या कपाटाची किल्ली तेलाच्या डब्यामागे खिळ्याला आहे. आत माझे टॅप आहेत, मोठेसुद्धा. लेथवाल्याकडे मागू नकोस.

मामा


ता. ३० मार्च

मामा, नमस्कार.

गाडी चालू झाली. क्रमाने लिहितो.

हेड लेथवाल्या काकांच्या मशीनवर एक, दोन आणि चार नंबरच्या सळ्यांवरून सरळ धरलं. वाकडं भोक कापून मोठं केलं. दोन नंबरच्या बाजूची भिंत पुरली, चांगली जाड राहिली. तुमचा मोठा टॅप वापरला. काका म्हणाले, असा टॅप आता मिळत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन फेऱ्यांनी ग्रीस, जसं तुम्ही लिहिलं तसंच. बुशाला चिकटवायचा लेप लावून तो कॉलरपर्यंत आत घट्ट बसवला, कडेला चार ठिकाणी पंचने ठोकून बंद केला आणि एक दिवस तसाच वाळू दिला. मग आतून सगळं धुतलं. त्यानंतर सळी पुन्हा उभी केली. चारही एका रांगेत.

सुईणबाई आल्या तेव्हा मी गॅस्केट बसवत होतो. तुमचा कागद त्यांना दिला. त्या बाकावर बसून वाचत होत्या, मी बोल्ट आवळत होतो, मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने. दोन पानं वाचायला त्यांना माझे दहा बोल्ट लागले.

मग म्हणाल्या, "एका भोकात दोन पुरुष अकरा वर्षं मला फसवत होते. बोटाएवढं भोक."

मी पाना पुसत राहिलो.

"त्या दिवशी वायर जळलीच नव्हती?"

"नाही."

"मी दुसऱ्या दिवशी त्याला वायरीसाठी थँक यू म्हणाले होते." मग त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "मामाला लिही, गरम इंजिनाला हात लावायला मी लावलं होतं. बाहेरून डोकावत होते, ते मला आठवतंय. तेवढं माझ्या नावावर. बाकीचं त्याचं त्याच्याकडेच राहू दे. आणि गुडघा बरा झाला की इथे येऊन माझ्यासमोर बोलायचं. कागदावर सगळेच शूर असतात."

त्यांनी काडेपेटी मागितली. दिली. पिशवीत टाकली.

आता एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता केली. हेडच्या कडेला, तीन नंबरच्या शेजारी, पंचने दोन ठिपके ठोकले. एक तुमचा, एक माझा. उद्या ही गाडी कुणाच्याही हातात गेली तर बॉनेट उघडताच त्याला कळेल की इथे दोनदा काम झालं आहे, हात हलका ठेवायचा. बाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, "तिसऱ्याला जागा ठेवली आहेस?" नाही ठेवली.

प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी आत फिरवला. वॉशर टेकेपर्यंत कुठेही अडला नाही. मग पाना लावला, अर्धा फेरा दिला आणि पाना काढून भिंतीवर टांगला. वहीत एक ओळ लिहिली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. तुम्हाला ऐकू आलं असतं की नाही माहीत नाही, पण बॉनेटवर हात ठेवला असता तर कळलं असतं.

बाई त्याच दुपारी वर गेल्या. तिघींपैकी दोघी दूधगाडीच्या दिवसांत सुखरूप झाल्या होत्या. तिसरी राहिली होती. तिच्याकडे त्या आपल्या गाडीने गेल्या आणि उजाडल्यावर आल्या. मुलगा झाला. माझ्यामुळे असं त्या म्हणाल्या नाहीत, तेच बरं.

कपाटाची किल्ली सापडली. शेजारचा टायरवाला काल येऊन चहा पिऊन गेला. म्हणाला, तुझा मामा फार ताठ नकार लिहितो.

आज सकाळी सुईणबाईंची गाडी पुन्हा आली. हॉर्न वाजत नव्हता. त्या शेजारी उभ्या राहून माझ्या हातांकडे बघत होत्या. मी बॉनेट उघडलं, हॉर्नची वायर जोडली आणि बॉनेट बंद केलं.

भाचा